डाव्या बाजूचा स्क्रू

प्रमिलावहिनींचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयात फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसलो होतो. शिपायानं निळं आंतरदेशीय पत्र टेबलावर ठेवलं. बोटं चिकट होती, म्हणून आधी हात धुऊन आलो. पत्र फोडलं, उभ्यानंच वाचलं आणि पुन्हा हात धुवायला गेलो.

अकरा ओळी होत्या. दहा ओळींत घरची खबरबात. त्यांचे वडील कुर्डुवाडीला वारले, उदय दहावीला बसलाय, नळाला एक दिवसाआड पाणी येतं. अकरावी ओळ अशी होती : ‘भाऊजी, एकच विचारते. त्या दसऱ्याला ह्यांच्या बारचा डावीकडचा स्क्रू तुम्ही आवळला होता का? कुणाला सांगणार नाही. मला फक्त कळू द्या.’

ही १९८८ सालची गोष्ट. मी उत्तर पाठवलं नाही. लिहिलं बऱ्याचदा, आणि फाडलं. मग ते पत्र एका जाड पुस्तकात घातलं आणि पुस्तक सगळ्यात वरच्या फळीवर सरकवून दिलं.

वहिनी विचारत होत्या तो दसरा त्याच्याही बारा वर्षं आधीचा.

त्या वर्षी मे महिन्यात मी ग्रंथालयाच्या परीक्षेसाठी चार दिवस सोलापूरला गेलो होतो. बार्शीला घरी आलो, तर मागच्या खोलीतून ठोकाठोकीचा आवाज येत होता. ही खोली मूळची वडिलांची, सुतारकामाची. ते गेल्यावर रिकामी पडली म्हणून मी तिथं माझी पुस्तकं लावली होती. मी एकोणतीस वर्षांचा, एका शाळेत कारकून, बिनलग्नाचा. घरात थोरला भाऊ जयवंत, त्याची बायको प्रमिलावहिनी, त्यांचा चार वर्षांचा उदय आणि मी. दादा सूतगिरणीत फिटर होता. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून. गावातल्या तालमीत वस्तादाशी भांडण काढून तो नुकताच बाहेर पडला होता.

मी दार ढकललं.

“ये नीळ्या,” दादा म्हणाला. “चपला बाहेर काढ. तालीम आहे ही आता.”

खोलीतली कपाटं नव्हती. शहाबादी फरश्या अर्ध्या उखडल्या होत्या आणि त्या जागी दादा जाड फळ्या बसवत होता. फळ्या मी ओळखल्या. वडिलांनी माझ्या पुस्तकांसाठी रंधून दिलेलं सागवान होतं ते.

“पुस्तकं कुठायत?”

“दिली.”

“कुणाला?”

“रद्दीला. आरं, वाळवीच लागायची त्यांना. एकशे अठरा किलो भरली! तुझं वजन किती? पन्नास? म्हणजे दोन नीळकंठ आणि वर थोडा उरला.” तो मनापासून हसला. तोंडातला खिळा काढून त्यानं फळीवर धरला.

“आणि वह्या?”

“कसल्या वह्या?”

“तपकिरी कव्हरच्या. एकोणीस होत्या.”

“जे होतं ते दिलं. मी काय एकेक उघडून बघत बसू?”

त्या वह्यांबद्दल सांगायला मला अजूनही संकोच वाटतो. आमच्या तालुक्यात प्रत्येक शेताला नाव असतं. सरकारी कागदावर गट नंबर असतो, पण माणसं म्हणतात सवतीचं टुकाट, बुडक्याची पट्टी, हेल्याचं रान. ही नावं का पडली ते म्हाताऱ्यांना ठाऊक असायचं. सात वर्षं मी दर रविवारी सायकल काढून गावोगाव गेलो. वैराग, पांगरी, गौडगाव, आसपासच्या वाड्या. चारचौघांत तोंड न उघडणारा मी बांधावर बसून अनोळखी म्हाताऱ्याला विचारायचो, आजोबा, ह्या वावराचं नाव काय? आणि ते सांगायचे. साडेतेवीसशे नावं झाली होती. प्रत्येकाखाली त्याची गोष्ट, सांगणाऱ्याचं नाव, वय. आयुष्यात एवढं एकच काम मला नीट जमलं होतं, असं मला वाटत होतं.

मी रद्दीवाल्याकडे धावत गेलो. तो म्हणाला, “गाडी कालच गेली, गुरुजी. आता कागदाच्या गिरणीत लगदा झाला असेल. थोडी सुटी पानं तेवढी किराणावाल्यांनी नेली.” मी गुरुजी नव्हतो, पण तसा दिसत असेन.

परत आलो तेव्हा दादा ओट्यावर पाय धूत होता.

“गेल्या?” त्यानं विचारलं.

“गेल्या.”

“मग लिही की परत. शेतं काय पळून गेलीत का?”

“सांगणारे गेले, दादा. पांगरीचे आबा मागच्या वर्षीच गेले. गौडगावच्या त्या म्हातारीला आता ऐकू येत नाही.”

“मग नवी नावं पडतील. तू काळजी करू नको.” त्यानं टॉवेल झटकला. “अगं, नीळ्याला चहा दे. तोंड बघ कसं झालंय.”

मी चहा प्यायलो. तेव्हा ओरडायला हवं होतं. कपबशी फेकायला हवी होती. मी बशी विसळून पालथी घातली.

आठवड्याभरानं वहिनी माझ्यापाशी आल्या. हातात एक कागद होता, इस्त्री केलेला, तरी मधोमध तांबूस डाग.

“भाऊजी, हे अक्षर तुमचंच ना? गूळ बांधून आला होता.”

वैरागच्या वहीतलं एक पान. चौदा नावं.

“ओल्या फडक्यानं पुसलं. पण गुळाचा डाग निघत नाही,” त्या म्हणाल्या. “आणखी दुकानांतून विचारलं मी. सात दुकानं झाली. मिळालं नाही कुठं.”

त्या सात दुकानांत गेल्या होत्या, हे त्यांनी दादाला सांगितलं नव्हतं.

तालीम उभी राहायला दोन महिने लागले. दादाला कामाची हौस होती आणि हात चांगला होता, हे मला कबूल करायला हवं. फळ्यांखाली त्यानं वाळू भरली. वडिलांचं रंध्याचं मेज कापून निजून वजन उचलायचा बाक केला. छताच्या तुळईला लोंबकळायला कड्या लावल्या. एका भिंतीला मारुतीचा फोटो, दुसऱ्या भिंतीला केशकर्तनालयातून आणलेला जुना आरसा. कोपऱ्यात दोन करेले, म्हणजे दंड पिळदार करण्यासाठी फिरवायचे लाकडी मुद्गल. आणि मध्ये सहा फुटी लोखंडी बार. त्याच्या प्लेटा दादानं जमेल तशा जमवल्या. सगळ्यात शेवटी दहा-दहा किलोच्या दोन आल्या, त्या माझ्या पुस्तकांच्या पैशातून. त्यांना त्यानं पिवळा रंग दिला आणि नावही ठेवलं, नीळ्याच्या प्लेटा.

कोणी तालीम बघायला आलं की दादा त्या पिवळ्या प्लेटांवर थाप मारायचा. “ही आमच्या नीळकंठरावांची विद्या. इतकी वर्षं कपाटात पडून होती. आता माझ्या दंडात उतरली.” पाहुणे हसायचे. मीही हसायचो. माझ्या चेहऱ्याला तीच सवय होती.

स्क्रू आवळायचं काम माझ्याकडे आलं ते दादाच्या एका समजुतीमुळे. उचलणाऱ्यानं उचलायच्या आधी बारला हात लावायचा नाही. लावला की वजन मनात बसतं आणि मग हातात येत नाही. त्यामुळे प्लेटा चढवायच्या दुसऱ्यानं. प्लेटा चढवल्या की त्या सरकू नयेत म्हणून बारच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी कडं घालायचं. त्याला कॉलर म्हणतात. कॉलरला एक स्क्रू असतो, तो पान्यानं घट्ट आवळायचा. रोज सकाळी सहाला मी हे करायचो.

“आवळलं?”

“आवळलं.”

“डावं?”

“डावंही.”

एवढंच आमचं बोलणं. दसऱ्यापर्यंतच्या अडीच महिन्यांत त्यानं एकदाही स्वतः तपासून पाहिलं नाही. माझ्यावरचा विश्वास म्हणून नव्हे. मी काही वेगळं करू शकेन, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गिरणीत कामगारांसाठी व्यायामशाळा निघणार होती. तिचा शिक्षक म्हणून दादाला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. फिटरची तेलकट नोकरी सुटणार होती, अंगावर पांढरा बनियन आणि गळ्यात शिट्टी येणार होती. वर्क्स मॅनेजर दसऱ्याला संध्याकाळी आमच्याकडे सोनं द्यायला येणार होते, आणि त्यांच्यासमोर दादा ऐंशी किलो डोक्यावर उचलून दाखवणार होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. वहिनींच्या माहेरी लेथचा कारखाना. तिथं खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन, पुसून, तेल लावून पाटावर मांडायची पद्धत. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, त्याला विश्रांती द्यायची. वहिनींनी सकाळपासून तालमीतलं सगळं लोखंड बाहेर काढलं. बार आंघोळ घातल्यासारखा धुतला. प्लेटा ओळीनं मांडल्या. गोड्या तेलाचा हात फिरवला, हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. दादा दारात उभा राहून बघत होता.

“हे काय, देव मांडलेत का?”

“आज हात लावायचा नाही हं,” वहिनी म्हणाल्या. “आमचे नाना म्हणतात, वर्षभर राबतात ती, एक दिवस त्यांचा.”

“लाव, लाव चांगलं तेल. चमकू दे. उद्या साहेबाला तोंड दिसलं पाहिजे त्यात.”

हे दादा म्हणाला. मी ऐकलं. पुढं हे वाक्य कुणी ऐकूनच घेतलं नाही.

दसऱ्याला चारच्या सुमाराला मॅनेजर आले. बरोबर गिरणीतले पाच-सहा जण. आपट्याची पानं देऊन झाली, पेढे झाले, मग मंडळी मागच्या खोलीत गेली. दादा लंगोट आणि चड्डीवर. सुरुवातीला त्यानं साठ किलो उचललं. मी दोन्हीकडचे स्क्रू आवळले होते. बार तेलानं चमकत होता. दादानं हातांना माती चोळली, वजन छातीवर घेतलं, डोक्यावर नेलं, वर धरून दहा अंक मोजले आणि खाली ठेवलं. काहीही सरकलं नाही.

“शाबास!” मॅनेजर म्हणाले.

“हे तर पाणी प्यायल्यासारखं झालं, साहेब,” दादा म्हणाला. “नीळ्या, आता तुझ्या प्लेटा चढव.”

मी डावीकडची कॉलर काढली, पिवळी प्लेट चढवली, कॉलर परत घातली. स्क्रूवर पाना ठेवला. मागून दादाचा आवाज येत होता.

“साहेब, ह्या प्लेटांची गंमत ठाऊक आहे का? आमचा हा भाऊ मोठा विद्वान. खोलीभर पुस्तकं. वर पुन्हा वह्या लिहीत बसायचा. कशाच्या? शेतांच्या नावांच्या! हेल्याचं रान आणि रेड्याचं रान!”

हशा झाला.

“मी म्हटलं, ही विद्या कुजवण्यापेक्षा वापरात आणू. दिली रद्दीला, घेतल्या प्लेटा. आज आमच्या भावाची सात वर्षं डोक्यावर उचलून दाखवतो तुम्हाला.”

सात वर्षं. त्याला आकडा ठाऊक होता. मी मे महिन्यापासून स्वतःला समजावत आलो होतो की दादा आडदांड आहे, त्याला कळलं नाही. त्यानं सात हा आकडा अचूक सांगितला.

पाना स्क्रूवर होता. मी तो अर्धा फिरवला. स्क्रू बारला नुसता टेकला. अजून दोन वेढे लागायचे, माझ्या हाताला रोजचं ठाऊक होतं. मी पाना काढला. उठलो, उजवीकडे गेलो, पिवळी प्लेट चढवली आणि तिकडचा स्क्रू नेहमीसारखा घट्ट आवळला.

“आवळलं?” दादानं विचारलं.

“आवळलं.”

“डावं?”

मी भिंतीला जाऊन टेकलो. दादा वाकत होता. “दादा, थांब,” एवढंच म्हणायचं होतं. श्वास घेतला तरी म्हणून झालं असतं.

“डावंही,” मी म्हणालो.

त्यानं बार छातीवर घेतला. थोडा थांबला. मग गुडघे मोडून एका हिसड्यात डोक्यावर नेला आणि हात ताठ केले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर डाव्या अंगाला उभे होते. दादानं हसून त्यांच्याकडे मान वळवली, आणि मानेबरोबर बारही किंचित तिकडे कलला.

पिवळी प्लेट आधी सुटली. मग तिच्या आतली. त्या पडल्याचा आवाज होईपर्यंत बारचं उजवं टोक खाली फेकलं गेलं होतं आणि दादाचा उजवा हात त्याच्याबरोबर मागं ओढला गेला होता. हाडाचा आवाज आला. पोत्यात विळा मारल्यासारखा. दादा फळ्यांवर एका कुशीवर पडला आणि त्याचा हात मला चुकीच्या ठिकाणी दिसत होता.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला हवं, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. छातीतून काहीतरी उतरलं. मे महिन्यापासून पहिल्यांदाच मला पोटभर श्वास घेता आला.

मग दादा ओरडला. “तेल! हिनं तेल फासलं! तेलानं सरकलं सगळं!”

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या. खोलीतली सगळी माणसं त्यांच्याकडे वळली. मॅनेजरनी वाकून बारवरून बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं. “तेलकट आहे खरं,” ते म्हणाले. “बाईमाणसाला लोखंडातलं काय कळतं.”

“मी... आमच्याकडं लावतात,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांनीच सांगितलं होतं...”

“गप्प बस!” दादा म्हणाला.

मी पुढं झालो. डावीकडची कॉलर घरंगळत माझ्या पायाशी आली होती. मी ती उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. मान वर केली तेव्हा वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. बाकी कुणीच पाहत नव्हतं.

दादाचा खांदा बसवला, कोपराला दोनदा ऑपरेशन झालं. हात खांद्याच्या वर परत कधी गेला नाही. शिक्षकाची जागा दुसऱ्याला मिळाली. तीन महिने तो अंथरुणावर होता आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायचा, “हिच्या माहेरच्या पद्धतीनं माझा हात घेतला.” वहिनी तिथंच चहा देत असायच्या. मी त्याची उशी सरळ करायचो. त्याला डाव्या हातानं भाताचा घास तोंडात नेता यायचा नाही, शितं गळ्यावर सांडायची, आणि मी पाहत राहायचो. मला दया आली नाही. दया यावी म्हणून मी मुद्दाम पाहायचो, तरी आली नाही.

दिवाळीच्या आधी वहिनींचे वडील कुर्डुवाडीहून आले. नाना साठीच्या पुढचे होते, लेथवर उभं राहून पाठीला बाक आलेला. नारळ आणि टॉवेल घेऊन आले. दादाच्या खाटेशी उभे राहिले.

“जावईबापू, चूक झाली आमच्या पोरीची. आमचीच शिकवण. पदरात घ्या.”

दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. नाना खाली बसले आणि त्यांनी जावयाच्या पायांवर डोकं ठेवलं. वहिनी दारात होत्या. मीही होतो.

“नाना, उठा,” मी म्हणालो. फक्त तेवढंच म्हणालो.

त्या दिवसापासून वहिनींनी खंडेनवमी केली नाही. चार महिन्यांनी मी अंबेजोगाईच्या वाचनालयात नोकरी धरली आणि बार्शी सोडली. लग्नकार्यांना जायचो, जेवून परत यायचो. बाराव्या वर्षी ते पत्र आलं. नाना गेले, त्यानंतरचं. नाना काय समजून गेले, ते वहिनींनी दहा ओळींत कुठंही लिहिलं नव्हतं.

उत्तर का दिलं नाही, हे मी स्वतःला अनेक प्रकारे सांगितलं आहे. त्यांचा संसार मोडेल म्हणून. दादा म्हातारा झाला म्हणून. मलाच नीट आठवत नसेल म्हणून. कदाचित हात दमला असेल, कदाचित पाना निसटला असेल, असंही मी काही वर्षं मानून पाहिलं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या बाजूनं मुद्दे काढणं सोपं जातं. शेवटी एकच कारण उरतं. त्या संध्याकाळी मी आयुष्यात एकदाच दादावर हात उचलला होता, आणि ते कबूल करून दादाच्या हातात पुन्हा माझं मनगट द्यायचं नव्हतं. त्याची किंमत दुसरंच माणूस भरत होतं, हे मला माहीत होतं.

मागच्या बुधवारी उदयचा फोन आला. तो आता बावन्न वर्षांचा आहे, बार्शीतच त्याचं दुकान आहे.

“काका, रविवारी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन. गाडी पाठवतो, यायचंच.”

“बघतो रे. गुडघे...”

“बरं, मग निदान दोन ओळी लिहून पाठवा. सगळ्यांची पत्रं स्टेजवर वाचून दाखवणार आहोत. आणि एक फिल्म केलीय पोरांनी, अर्ध्या तासाची. बाबांनी काय काय आठवणी सांगितल्यात! तालमीच्या, पैलवानकीच्या. ती तेलाची गोष्ट तर काय भारी सांगतात! आईनं तेल लावलं आणि ऐंशी किलो खाली. हसून पुरेवाट. तीच शेवटी ठेवलीय.”

“आई होती का तिथं, ते सांगत होते तेव्हा?”

“होती की. शेजारीच बसली होती.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. उठून आत गेली. लाजली असेल.” तो हसला. “आईला पण स्टेजवर बसवणार आहोत, बाबांच्या शेजारी. तिलाही बोलायला लावणार दोन शब्द. बोलेल का हो ती?”

“बोलेल,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. आधी दादाला लिहिलं. अठ्ठेचाळीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं, वह्या, सात वर्षं, हेल्याचं रान. वर लिहिलं, ‘सर्वांसमोर वाचावे’. चार पानं झाली. वाचून पाहिलं तर चांगलं उतरलं होतं, आणि मला फार आनंद होत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ह्या चार पानांत वहिनींचं नाव एकदाच आलं आहे. मी पुन्हा माझंच भांडण भांडत होतो, आणि भरल्या मांडवात त्यांना पुन्हा दादाच्या शेजारी गप्प बसवत होतो. चार पानं फाडली.

मग एक कागद घेतला.

‘सौ. प्रमिलावहिनींस सा. न. वि. वि.

तुमच्या १९८८ च्या पत्राचं उत्तर. नाही, डावीकडचा स्क्रू मी आवळला नव्हता. विसरलो नव्हतो, मुद्दाम आवळला नाही. दादानं दोनदा विचारलं, दोनदा मी खोटं बोललो. तेलाचा काही संबंध नव्हता. त्याच तेलकट बारनं त्याआधी साठ किलो उचललं होतं आणि काही सरकलं नव्हतं, कारण तेव्हा दोन्ही स्क्रू मी आवळले होते. तेल लावायला दादानंच सांगितलं होतं, तेही मी ऐकलं होतं. कॉलर मी खिशात घातली, ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही बरोबर पाहिलंत.

दादाचा हात गेला, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. हे वाचून तुम्हाला माझी घृणा आली तर ती योग्य आहे. नानांनी पायांवर डोकं ठेवलं तेव्हा मी गप्प राहिलो. त्याची माफी मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.

रविवारी फिल्म संपली की उदय तुम्हाला बोलायला सांगेल. माईक तुमच्या हातात असेल. हा कागद वाचायचा की चुलीत घालायचा, ते तुम्ही ठरवा. माझं नाव वगळायची गरज नाही.

नीळकंठ’

पाकिटावर त्यांचं नाव घातलं. दादाचं, उदयचं, कुणाचंच नाही. सौ. प्रमिला जयवंत पांचाळ असं लिहिणार होतो, ते सौ. प्रमिला पांचाळ एवढंच लिहिलं.

पोस्टात खिडकीशी एक तरुण मुलगी होती.

“स्पीड पोस्ट,” मी म्हणालो. “बार्शी. शनिवारच्या आत पोचेल ना?”

“पोचेल की आजोबा. घरचं कार्य आहे का?”

“हो.”

“पाकीट नीट चिकटलं नाही बघा. उघडं राहिलंय एका बाजूनं. चिकटवून द्या.”

मी डिंकाच्या बाटलीत बोट बुडवून पाकिटाच्या कडेवर फिरवलं, तळहातानं दाबून धरलं, आणि खिडकीतून आत सरकवलं. माझी बोटं अजून पाकिटावर होती. ती मुलगी थांबली.

“सोडा की, आजोबा,” ती म्हणाली.

मी सोडलं.